मोर्चा आपला, कचरा कुणाच्या दारात?

दिव्याहून सकाळी सातच्या सुमाराला ठाण्याकडे निघणारी, घरकाम करणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. नाव देत नाही, कारण अशा बायकांनी अख्खे डबे भरून जातात. चाळीत पाणी रात्री उशिरा येतं, त्यामुळे झोप अर्धवट. डोंबिवलीहून येणारी गाडी आधीच खच्चून भरलेली, चढायचं म्हणजे दारातल्या बायकांशी रोजची हुज्जत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले आणि त्यातले काही दगावले, तो हाच पट्टा. ठाण्याला उतरून घोडबंदर रोडवरच्या कामाच्या घरी पोहोचायचं तर पुढे मेट्रोचे बॅरिकेड, खड्डे आणि अवजड ट्रक. पहिल्या घरी उशीर झाला की दुसऱ्या घरची वेळ चुकते आणि तिसऱ्या घरी ‘जमत नसेल तर सांग, दुसरी बघते’ हे ऐकून घ्यायचं. मे महिना असेल तर मुलं दिवसभर पत्र्याखाली उकडत पडलेली. त्यातलं एक तापाने फणफणलं की खाडे, आणि खाड्यांचे पैसे कापून जे हातात येतं त्यातून आधी भाडं.

आता हिने मोर्चा न्यायचा कुठे? पाणी महापालिकेचं, लोकल रेल्वेची, रस्ता कधी पीडब्ल्यूडीचा तर कधी एमएमआरडीएचा, पगार चार फ्लॅटमधल्या चार कुटुंबांच्या हातात, आणि उन्हाळा कुणाच्याच अखत्यारीत नाही. जिथे जाईल तिथे ‘हे आमच्याकडे येत नाही’ हेच उत्तर, आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागी खरंच बोलत असतो.

एकाच वेळी अनेक संकटं अंगावर येतात तेव्हा चळवळ कशी करायची, कुणी कुणाच्या पाठीशी उभं राहायचं, यावर जगभर बरंच लिहिलं-बोललं जातंय. अभ्यासक या अवस्थेला ‘पॉलिक्रायसिस’ म्हणतात. मला तो विषय ठाण्या-नवी मुंबईतच नीट कळतो, म्हणून इथूनच सांगतो.

दुष्काळात तेरावा महिना ही आपली जुनीच म्हण. फरक एवढाच की म्हणीतला तेरावा महिना योगायोगाने येतो, आणि आता दुष्काळच त्याला बोलावून आणतो. उन्हाळ्याचंच बघा. ठाण्याचा उन्हाळा विदर्भासारखा ४५ अंशांचा नसतो, म्हणून तो कुणाला संकट वाटत नाही. पण खाडीकाठची हवा दमट असते. घाम वाळला तर अंग थंड होतं. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो आणि उष्णता आत साचते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या शासकीय सोहळ्यात उष्माघाताने १४ जण गेले, त्या दिवशीचा पारा काही विक्रमी नव्हता. आता अशा हवेत टॉवरमधल्या घरात एसी लागतात. एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो, भागातल्या विजेवर ताण येतो. ताण असह्य झाला की वीज जाते. टॉवरला जनरेटर असतो. बाजूच्या चाळीतला पंखा बंद पडतो, पाण्याची मोटर बंद पडते आणि दुपारची शिफ्ट करून आलेला माणूस रात्रपाळीच्या आधी तासभरही झोपू शकत नाही. यात कुणी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. तरी एकाचा उपाय दुसऱ्याच्या डोक्यावर आला.

माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख इथे आहे. संकटं एकमेकांत गुंतलेली असतील तर आपल्या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या तरी दारात जाऊन पडतं. ते कुणाच्या दारात पडतंय हे न बघता केलेली चळवळ यशस्वी झाली तरी अर्धी असते.

साडेबारा टक्के आणि सातबारा

एक मागणी, एक मोर्चा, एक निवेदन या जुन्या पद्धतीला हल्ली सहज नावं ठेवली जातात. ती पद्धत काय मिळवून देऊ शकते हे बघायला न्हावा-शेवा बंदराजवळच्या जासई गावाला जावं लागतं.

१९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. भातशेती, मिठागरं, खाडीची मासळी यावर जगणारी आगरी, कोळी, कराडी माणसं एका आराखड्याने प्रकल्पग्रस्त झाली. पुढे न्हावा-शेवा बंदराच्या वेळी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरातले लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: जेवढी जमीन घेतली त्याच्या साडेबारा टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून मूळ मालकाला परत. देशाच्या भूसंपादन कायद्यात विकसित जमिनीतला वाटा ही कल्पना २०१३ साली आली; ती इथल्या शेतकऱ्यांनी कितीतरी आधी भांडून मिळवली होती. (त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात आणि हातात पावणेनऊच पडतात. हा विषय गावच्या बैठकीत काढला तर रात्र पुरत नाही.)

एवढी मोठी जीत. पण तिचा हिशोब सातबाऱ्यावर झाला. ज्याचं नाव उताऱ्यावर, त्याला वाटा. खाडीत डोल (मासळीचं जाळं) लावणाऱ्या कोळ्याचा सातबारा नसतो. खाडी कुणाच्या नावावर असणार? मिठागरावर मीठ ओढणाऱ्या मजुराचाही नसतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं कित्येक उताऱ्यांवर चढलेलीच नव्हती. मच्छिमारांच्या बाबतीत ही उणीव फार उशिरा भरून यायला लागली. वाशीच्या खाडीवर तिसरा पूल निघाला तेव्हा मच्छिमारांची सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि २०२१ साली न्यायालयाने त्यांचा परंपरागत उपजीविकेचा हक्क मान्य करून भरपाईचा मार्ग मोकळा केला. १९८४ ते २०२१. मधल्या काळात खाडीतली मासळी कमी झाली आणि मुलं हाताला लागेल त्या नोकऱ्यांना लागली.

हे दि. बां.च्या लढ्याचं उणं काढणं नव्हे. तेव्हाची मागणी जमिनीची होती आणि ती तशीच असायला हवी होती. पण आज त्याच गावांत बघा. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, भराव पडले, आणि डुंगीसारख्या गावात पावसाचं पाणी घरात शिरायला लागलं. गावठाणाबाहेर वाढत्या कुटुंबासाठी उभी राहिलेली ‘गरजेपोटी’ची घरं नियमित होणार की पाडली जाणार, ही टांगती तलवार आहेच. त्याच घरांच्या वरच्या मजल्यावर बीडचा वॉचमन, आझमगढचा सुतार आणि कोकणातून आलेला कंपनीतला हेल्पर भाड्याने राहतात. घर पडलं तर मालकाची गुंतवणूक जाते आणि भाडेकरूचं छप्पर जातं. दोघांचं संकट एकाच जेसीबीने येतं, तरी बैठकीला भाडेकरूला कुणी बोलावत नाही. तो ‘बाहेरचा’. अशा बैठका मी पाहिल्या आहेत. भाडेकरू खाली चहाच्या टपरीवर उभा राहून वर काय ठरतंय याचा अंदाज घेत असतो.

दिवा सुटलं, भंडार्ली अडकलं

कचऱ्याची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे.

ठाणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं दिव्यात पडायचा. खाडीकिनारी ढीग, त्याला लागणाऱ्या आगी, धूर, खिडक्या बंद करून झोपणारी माणसं. दिवेकर भांडले, आंदोलनं झाली, निवडणुकांत आश्वासनं मिळाली, आणि अखेर २०२३ साली दिव्याची कचराभूमी बंद झाली. दिव्यात आनंद झाला. व्हायलाच हवा होता, त्यांनी पुष्कळ सोसलं होतं.

पण ठाण्यातल्या घरांतून निघणारा कचरा त्या दिवशी एका पिशवीनेही कमी झाला नाही. गाड्या भंडार्लीला जायला लागल्या. तिथल्या गावकऱ्यांनी विरोध सुरू केला. डायघरच्या कचरा प्रकल्पाला आजूबाजूचे लोक वासाने हैराण होऊन विरोध करू लागले. पुढचा पर्याय म्हणून भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीचं नाव आलं. यातल्या प्रत्येक गावाचं आंदोलन न्याय्य आहे. ‘आमच्याकडे नको’ हे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. सगळी आंदोलनं न्याय्य असूनही बेरीज अशी होते की ज्याचा आवाज सगळ्यात बारीक, त्याच्याकडे ट्रक जाणार.

हे टाळायचं तर दिवा, भंडार्ली, डायघर आणि आतकोली एका बाजूला यायला हवेत, आणि त्यांच्याबरोबर जिथून कचरा निघतो तो नौपाडा, वर्तकनगर, मानपाडाही. तिथे मागणी बदलते. ‘आमच्याकडे नको’ऐवजी ‘निघतो तिथेच जिरवा’. आणि ही मागणी हवेतली नाही. घनकचऱ्याच्या नियमांत ओला-सुका घरातच वेगळा करायचा आहे, आणि दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्या आवारात जिरवायचा आहे. कचऱ्यातला मोठा वाटा ओलाच असतो, आणि वास, गळणारं काळं पाणी, आतून धुमसणारा वायू हे सगळं त्याच्यामुळेच. म्हणजे घोडबंदरच्या एखाद्या संकुलाने आपला खतखड्डा नीट चालवला तर तो भंडार्लीच्या आंदोलनात घेतलेला भागच आहे. घोषणा न देता.

प्रत्यक्षात काय होतं? खतखड्डा गेटजवळ केला की पहिल्या मजल्यावरचे म्हणतात वास येतो. मागे केला की मागच्या विंगचे म्हणतात. चार एकरांच्या आवारात पुन्हा तेच दिवा-भंडार्ली सुरू होतं. हसू येतं, पण शहराचं राजकारण समजून घ्यायला यापेक्षा सोपी शाळा नाही.

पाण्याचंही तसंच. तानसा आणि भातसा ही धरणं आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईची तहान त्यांच्यावर भागते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. ठाण्याच्या सोसायट्यांचा पाण्यासाठीचा मोर्चा महापालिकेवर जातो. शहापूरच्या बायकांचा हंडा मोर्चा तहसील कचेरीवर जातो. दोन्ही मोर्चे एकाच नदीचे, आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

किट, फोटो आणि एक रात्रीची चाल

लोक एकमेकांच्या मदतीला धावत नाहीत असं मुळीच नाही. २०२० च्या टाळेबंदीत नाशिक महामार्गावरून माणसं चालत निघाली तेव्हा ठाणे, भिवंडी, शहापूर या टप्प्यात लोकांनी रस्त्याकडेला खिचडी, पाणी, चपला ठेवल्या. तेव्हा जे केलं त्याची किंमत कमी करायचं कारण नाही. पण त्याच काळात रेशनच्या किटचं वाटपही झालं, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी घेणाऱ्याला किट हातात धरून फोटोसाठी उभं राहावं लागलं. किटमध्ये पाच किलो तांदूळ. घरभाडं थकलेलं, मालक दारात, त्यावर किटमध्ये काही नव्हतं. असणारही कसं, कुणी विचारलंच नव्हतं. देणाऱ्याने ठरवलं, देणाऱ्याने दिलं, देणाऱ्याचा फोटो निघाला. दया आणि सोबत यातला फरक इथे दिसतो. सोबत करायची तर समोरच्याला आधी विचारावं लागतं, आणि कधीतरी तोही आपल्याला काही देणार आहे हे मान्य करावं लागतं.

दोन्ही बाजूंनी चाललेल्या सोबतीचं एक उदाहरण मार्च २०१८ मध्ये आपल्या दारावरून गेलं. अखिल भारतीय किसान सभेच्या झेंड्याखाली नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यात मोठ्या संख्येने आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत ठाण्यामार्गे मुंबईत आले. कसत असलेल्या वनजमिनींचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी, आणि कर्जमाफी. ११ तारखेला ते सायनच्या सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून आझाद मैदान गाठायचं ठरलेलं. पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. रस्ते अडले तर मुलं परीक्षेला पोहोचणार नाहीत म्हणून सहा दिवस चाललेली, पायांना फोड आलेली माणसं मध्यरात्री उठून पुन्हा चालायला लागली आणि पहाटे मैदानात पोहोचली. शहरातल्या लोकांनी पाणी, बिस्किटं, चपला, मलमपट्टी घेऊन रस्त्यावर गर्दी केली. वनहक्क म्हणजे काय हे त्यातल्या किती जणांना माहीत होतं, कोण जाणे. पण ज्याच्याकडे मागायला आलो त्याचीच अडचण आधी सांभाळली, ही गोष्ट शहराला कळली आणि शहर हललं.

भातलावणीच्या दिवसांत ठाणे-रायगडकडे सावड चालायची, काही गावांत अजून चालते. आज सगळे माझ्या शेतावर, उद्या तुझ्या. पाऊस थांबत नाही आणि आवण (भाताची रोपं) जास्त दिवस ठेवता येत नाही, म्हणून एकट्या घराला लावणी उरकणं शक्य नसतं. सावडीत प्रेमापेक्षा हिशोब जास्त असतो. कुणाकडून किती माणसं आली, कुणाकडे किती गेली, हे सगळ्यांच्या तोंडपाठ. मला सोबतीची ही कल्पना भाषणातल्या ऐक्यापेक्षा जास्त पटते, कारण तिच्यात गोडगोड बोलावं लागत नाही. भांडणही चालतं. लावणीला मात्र यावं लागतं. पण सावडीला एक मोठं भोक होतं. ज्याला शेतच नाही तो सावडीत येणार कसा? परतफेड म्हणून तो लोकांना बोलावणार कुठे? तो मजुरीवर यायचा आणि हिशोबाच्या बाहेर राहायचा. साडेबारा टक्क्यांतला सातबारा आणि सावडीतलं शेत, दोन्हीकडे बाहेर राहणारा माणूस तोच.

आपण सगळे एक, म्हणून आतलं वेगळेपण आता काढू नका, असं प्रत्येक चळवळीत कुणीतरी म्हणतंच. १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपात हा प्रश्न उघडा पडला. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेलं सूत सांधताना तोंडाने ओलं करावं लागायचं आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटायचा. मालकाविरुद्ध एकजूट करा म्हणणाऱ्यांना बाबासाहेब आंबेडकरांनी हे विचारलं: ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत आहे का? प्रश्न अडचणीचा होता, पण त्यामुळे पुढची दारं बंद झाली नाहीत. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. मतभेद तसेच होते. आगरी वाचकांना चरीचा संप आठवेल: अलिबागजवळच्या खारेपाटात कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ खोतांची (जमीनदारांची) जमीन कसायला नकार दिला आणि लाकूडफाटा विकून, खाडीची मासळी धरून दिवस काढले. त्या कुळांच्या बाजूने खोती रद्द करण्याचं विधेयक बाबासाहेबांनीच १९३७ साली मुंबई विधिमंडळात आणलं.

टोळी, लेव्ही आणि डिलिव्हरी बॉय

गर्दी पांगल्यावर काय उरतं, हा पुढचा प्रश्न. त्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात भक्कम उत्तर तुर्भ्याच्या बाजार समितीत रोज पहाटे पाठीवर गोणी घेऊन चालताना दिसतं.

माथाडी कामगाराची अडचण अशी की त्याला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर कांद्याचा ट्रक, दुपारी त्या गाळ्यावर बटाट्याचा. कामगार कायदे एका मालकाचा एक नोकर गृहीत धरून केलेले, म्हणून हमाल कुठल्याच कायद्यात बसत नव्हता. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली राज्याने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी आणि फार हुशार आहे. सरकार, व्यापारी आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ नेमायचं. टोळी (हमालांचा गट) आणि व्यापारी दोघांनी मंडळात नोंद करायची. मजुरी थेट हातात न देता मंडळात जमा, आणि मजुरीच्या वर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे शुल्क, व्यापाऱ्याने भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, दवाखाना. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नाहीत. कोपरखैरणे, घणसोलीतल्या माथाडींच्या वसाहती याच व्यवस्थेतून उभ्या राहिल्या. माथाडीच्या नावाखाली वाराईची (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीची) खंडणी उकळणाऱ्या बनावट टोळ्याही झाल्या, आणि उद्योजकांची त्याबद्दलची तक्रार खोटी नाही. पण म्हणून कायदाच नको म्हणणं हे चोर शिरला म्हणून घर पाडण्यासारखं आहे.

आता घोडबंदर रोडवर दुपारी पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन उभ्या मुलाकडे बघा. त्यालाही एक मालक नाही. दोन-तीन ॲप आलटून पालटून चालू. अपघात झाला तर ‘तो आमचा कर्मचारी नाही, पार्टनर आहे’. म्हणजे १९६९ च्या आधीचा हमालच. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी कायदा करून नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क ही पद्धत आणली, आणि ती माथाडी लेव्हीची नातलग वाटते. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरायची तरतूद आहे. मला एका गोष्टीचं नवल वाटतं. ही कल्पना ज्या राज्यात जन्मली तिथल्या माथाडी संघटना आणि डिलिव्हरीची मुलं अजून एका मांडवात फारशी दिसत नाहीत. पन्नास वर्षं मंडळ चालवलेल्या माणसाने संध्याकाळी दोन तास या मुलांना लेव्ही कशी वसूल होते, कुठे गळते, व्यापारी कसं चुकवतो हे सांगितलं, तर त्याचा उपयोग दहा व्याख्यानांपेक्षा जास्त होईल.

धोका सगळ्यांना सारखा नसतो

आंदोलनात उतरण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते, हे नियोजनातच धरावं लागतं. जमावबंदीच्या आदेशाचा भंग केला म्हणून गुन्हा नोंदला गेला तर निवृत्त बँक अधिकाऱ्याला मनस्ताप होतो. त्याच गुन्ह्याने पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचं वर्ष जातं, आणि कंत्राटी सफाई कामगाराला उद्यापासून येऊ नको सांगितलं जातं. म्हणून ज्याचं कमी जाणार त्याने पुढे उभं राहायचं, निवेदनावर सही त्याची, पोलीस ठाण्यात बोलायला तो. ज्याचं जास्त जाणार त्याने मागणी काय ते ठरवायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं: मागण्या सोसायटीतले ठरवतात आणि गर्दी वस्तीतून आणतात.

दमणूकही याच हिशोबात धरा. झाडं, खड्डे, फ्लेमिंगो, शाळेची फी, लोकल, सगळीकडे तेच चार जण धावतात आणि एक ना धड भाराभर चिंध्या होतात. प्रत्येकाने एकच विषय धरावा आणि बाकीच्यांना माणूस, पैसा, जागा यापैकी जे जमेल ते उसनं द्यावं. नेरुळच्या तळ्यात पाणी यायची वाट अडली आणि फ्लेमिंगो अडचणीत आले तेव्हा आवाज उठवला तो प्रामुख्याने पक्षिप्रेमींनी. भरती-ओहोटीचं पाणी कुठून आत येतं आणि कुठे अडतं हे कोळ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत. ज्या तिवरांत (खारफुटीत) फ्लेमिंगोची खाडी टिकते त्याच तिवरांत कोळंबीची पिल्लं वाढतात, आणि तिवरं तोडायला उच्च न्यायालयाची २००५ पासून मनाई आहे. कॅमेरावाल्याने कोळ्याच्या भरपाईच्या अर्जाला फोटो पुरवावेत, कोळ्याने तळ्याच्या तक्रारीला पाण्याची वाट दाखवणारा नकाशा काढून द्यावा. दोघांनी एकमेकांच्या घोषणा पाठ करायची गरज नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांना सुरुवात करायला तर लांब जावंच लागत नाही. डिलिव्हरीवाल्याला मुख्य लिफ्ट बंद आणि सर्व्हिस लिफ्ट नादुरुस्त, म्हणून तो जेवणाची पिशवी घेऊन चौदा मजले चढतो, अशा इमारती मी स्वतः पाहिल्या आहेत. वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनला पंखा नाही. घरकामाच्या बायकांना आवारात वापरता येईल असं स्वच्छतागृह नाही. कुठल्या दिवसाचे पैसे कापायचे आणि कुठल्या नाहीत यावर लेखी काही नाही. मुसळधार पावसात लोकल बंद पडली तर तो खाडा धरायचा नाही, एवढं चार विंगांनी मिळून ठरवलं तरी दिव्याच्या त्या बाईच्या महिन्याचा हिशोब बदलतो. घरेलू कामगारांसाठी राज्याचा २००८ चा कायदा आणि कल्याण मंडळ आहे, नोंदणीला काम करत असल्याचा पुरावा लागतो, आणि तो द्यायला अनेक घरं कचरतात: उगाच आपल्यावर काही येईल म्हणून. चार ओळी लिहून दिल्याने अंगावर काही येत नाही.

हे विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळी काढले तर ‘वेळ संपली’ म्हणून बारगळतात. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते. ती निघण्याआधी विषय लेखी सचिवाकडे द्या आणि पोच घ्या. जमल्यास अर्जावर वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाच्या बायकांना आधी विचारून त्यांनी सांगितलेलंच लिहा. बहुतेक वेळा त्यांची पहिली मागणी आपल्या मनात होती ती नसते.